नाइट न घेणारी माणसे

दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात व्यावसायिक नाटकाचा प्रयोग असतो, तेव्हा मुख्य नटापासून पडदा ओढणाऱ्या माणसापर्यंत प्रत्येकाची 'नाइट' ठरलेली असते. नाइट म्हणजे एका प्रयोगाचा मोबदला. प्रयोग संपला, नाइट हातात पडली, की त्या दिवसापुरता हिशेब मिटतो. याच दादरमध्ये, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, छबिलदास मुलांच्या शाळेच्या सभागृहात १९७४ पासून दीड दशकाहून अधिक काळ दुसऱ्या तऱ्हेची नाटके होत होती. तिथे नाइटचा हिशेब नव्हता. नट, दिग्दर्शक, दिवे सांभाळणारे, खुर्च्या मांडणारे, दारावर तिकिटे फाडणारे असे बहुतेक सगळे नोकरी किंवा कॉलेज आटोपून येत. कोणी करारावर सही केलेली नव्हती आणि न येणाऱ्याचा पगार कापण्याची सोय नव्हती. तरीही तालमी झाल्या, प्रयोग लागले, आणि मराठी नाटकाचे वळण बदलणारे काम त्या सभागृहात उभे राहिले.

पैशाने बांधलेली नसलेली माणसे कशाने बांधली जातात? 'ध्येयवाद' हे उत्तर चटकन सुचते, पण ते अपुरे आहे. ध्येयाने पेटलेल्या कितीतरी नाट्यसंस्था दुसऱ्या-तिसऱ्या नाटकानंतर मोडल्या. ध्येयाने माणूस दारापर्यंत येतो. तो पुढच्या महिन्यात पुन्हा येईल की नाही, हे संस्थेच्या रचनेवर ठरते. ही रचना शिकता येते, म्हणून ती उलगडून पाहण्यासारखी आहे.

गिरगावातून दादरला

बिनमोबदला सांस्कृतिक काम मुंबईच्या मराठी वस्तीला नवे नव्हते. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि चाळीच्या अंगणात नाटक, मेळा, व्याख्यान यांची व्यवस्था पाहणारा 'कार्यकर्ता' तयार होऊ लागला. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाने हेच बळ नाटकाकडे वळवले. संघाचे आधारस्तंभ डॉ. अ. ना. भालेराव पेशाने डॉक्टर होते; दवाखाना सांभाळून त्यांनी नाट्यमहोत्सव उभे केले, आणि गिरगावच्या केळेवाडीतले संघाचे नाट्यगृह आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

१९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदींनी 'रंगायन' सुरू केली. १९६७ चे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे त्या संस्थेचे सर्वांत गाजलेले नाटक. पुढे १९७१ मध्ये अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' स्थापन केली आणि गिरीश कार्नाडांच्या 'तुघलक'ने सुरुवात केली. सुलभाताई छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. त्या नात्यातून शाळेच्या सभागृहाची वाट मोकळी झाली.

यापुढचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा होता. मिळालेली जागा आविष्कारने स्वतःपुरती ठेवली नाही. अल्प भाड्यात ती इतर संस्थांनाही खुली केली. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यासारख्या दिग्दर्शकांची कामे तिथे झाली, पुण्याची थिएटर अकॅडमी आपली नाटके घेऊन आली, कितीतरी नव्या लेखकांची पहिली नाटके तिथेच उभी राहिली. शाळेचे नाव चळवळीला मिळाले ते यामुळे. आविष्कारने सभागृहाला कुलूप लावून फक्त आपलीच नाटके केली असती, तर एक चांगली संस्था झाली असती. चळवळ झाली नसती.

फुकट कामाचा हिशेब

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये सामूहिक कृतीवरच्या पुस्तकात एक अवघड प्रश्न मांडला. एखाद्या कामाचा लाभ सगळ्यांनाच मिळणार असेल, तर एकेकट्या माणसाने कष्ट का करावेत? तो स्वस्थ बसला तरी लाभ मिळणारच. प्रत्येकाने असा विचार केला, तर काम होतच नाही. ओल्सन यांच्या मते यातून सुटण्याच्या दोन वाटा आहेत. गट इतका लहान असावा की एकाची गैरहजेरी सगळ्यांना जाणवेल. नाहीतर काम करणाऱ्यालाच मिळेल असा काही वेगळा लाभ असावा.

प्रायोगिक नाट्यसंस्थेत या दोन्ही गोष्टी असतात. गट पंचवीस-तीस माणसांचा. आणि वेगळा लाभ म्हणजे संधी: भूमिका, दिग्दर्शन, स्वतः लिहिलेली एकांकिका उभी राहिलेली पाहणे. व्यावसायिक रंगभूमीवर या गोष्टी नवख्याला सहज मिळत नाहीत. ही देवघेव भिशीसारखी चालते. भिशीत दर महिन्याला प्रत्येकजण ठरलेला हप्ता भरतो आणि जमलेली रक्कम आळीपाळीने एकेकाला मिळते. नाट्यसंस्थेत हप्ता असतो श्रमांचा. आज एकाच्या नाटकाचे दिवे दुसरा सांभाळतो, कारण उद्या त्याच्या नाटकात पहिला उभा राहणार असतो. एकट्याच्या बळावर कोणालाच नाटक उभे करता आले नसते. सगळ्यांचे श्रम एका जागी जमतात तेव्हाच ते होते.

भिशी मोडते त्याच कारणांनी संस्थाही मोडते. काहींचा नंबर कधीच येत नाही. दोन-तीन ठरावीक मंडळी प्रत्येक नाटकात पुढे आणि बाकीचे वर्षानुवर्षे विंगेत, असे झाले की हप्ता भरणारे गळू लागतात. ते भांडून जात नाहीत. तालमीला उशिरा येऊ लागतात, मग येईनासे होतात. म्हणून जाणता संघटक कोणाचा नंबर कधी लागला याची आठवण ठेवतो आणि मोठ्या नाटकाच्या जोडीला एकांकिका, अभिवाचने, कार्यशाळा असे छोटे उपक्रम चालू ठेवतो. त्यांचे एक मोल कलेचे, आणि दुसरे हे की त्यातून अधिक माणसांची पाळी येते.

उलटा धोका असतो नंबर लागल्यावर निघून जाणाऱ्यांचा. छबिलदासच्या परिसरातून सिनेमात आणि व्यावसायिक नाटकांत जाणारे पुष्कळ निघाले. अमोल पालेकर १९७४ च्या 'रजनीगंधा'नंतर हिंदी सिनेमाचे नायक झाले, तरी 'अनिकेत' या आपल्या संस्थेतर्फे प्रायोगिक नाटके करत राहिले. आविष्कारच्या 'चांगुणा'त काम केलेल्या रोहिणी हट्टंगडी पुढे 'गांधी'त कस्तुरबा झाल्या. अशा जाण्याला दगाबाजी म्हणणाऱ्या संस्था कडवट होऊन आटतात. जाणे गृहीत धरून परतीची वाट मोकळी ठेवणाऱ्या संस्थांना मात्र तीच माणसे पुढे प्रयोगांसाठी, कार्यशाळांसाठी, कधी देणगीसाठी उपयोगी पडतात.

सगळ्यांचे काम कोणाचेच नसते

फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी दोर ओढण्याचे प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकटा माणूस जितका जोर लावतो, तितका तो गटात लावत नाही असे त्यांना आढळले. आठ जण मिळून ओढू लागले, की प्रत्येकाचा जोर जवळजवळ निम्म्यावर येई. काही अंशी हे ओढण्याचा ताल न जुळल्याने होते. पण पुढच्या संशोधनात असेही दिसले की आपला वाटा वेगळा ओळखू येत नाही, हे कळल्यावर माणूस नकळत सैल पडतो.

स्वयंसेवकांच्या संस्थेत हा सैलपणा सर्वांत जास्त नुकसान करतो. 'उद्या सगळ्यांनी लवकर या, सेट लावायचा आहे' या निरोपाने सहसा दोनच माणसे लवकर येतात, आणि ती दर वेळी तीच असतात. नाटकाच्या कामाची जुनी विभागणी यावर उत्तम उतारा आहे. नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा, रंगभूषा, रंगमंचव्यवस्था हे विभाग कलेच्या गरजेतून आले खरे, पण त्यांच्यामुळे प्रत्येक कामाला एक नाव चिकटते.

वस्तूंचे टेबल हे याचे अगदी जवळून पाहण्यासारखे उदाहरण. नाटकात हाताळायच्या वस्तूंना रंगमंचावर 'प्रॉपर्टी' म्हणतात: चष्मा, पत्राचे पाकीट, कपबशी, काठी. विंगेत एका टेबलावर पांढरा कागद अंथरतात आणि प्रत्येक वस्तू जिथे ठेवायची तिथे तिची बाह्यरेषा जाड पेनने काढून आत तिचे नाव, पात्र आणि प्रवेश लिहितात. प्रयोगापूर्वी टेबलावर नजर टाकली, की रिकामा आकार लगेच दिसतो. चष्म्याच्या आकारात चष्मा नसेल, तर तो अजून बॅगेत आहे. नटाने वस्तू वापरून परत आणली, की त्याच आकारात ठेवायची. हे टेबल एका व्यक्तीच्या ताब्यात असते आणि तिच्याखेरीज कोणी वस्तू हलवत नाही. बहुधा ती संस्थेतली सर्वांत नवी व्यक्ती असते. पण दुसऱ्या अंकातले पत्र जागेवर नसेल तर प्रयोग अडेल, हे तिला पक्के माहीत असते. आपल्यावाचून अडते, ही जाणीव नव्या माणसाला भाषणापेक्षा जास्त बांधून ठेवते.

---

चौकट: प्रयोगाच्या दिवशी कोणाकडे काय

रंगमंच व्यवस्थापक: सगळ्या विभागांची तयारी विचारून घेतो, घंटा त्याच्याच सांगण्यावरून होते. प्रयोग सुरू झाल्यावर दिग्दर्शकही त्याचे ऐकतो.
नेपथ्य: टेम्पोतून सामान उतरवणे, सेट उभारणे, प्रयोगानंतर उतरवून परत चढवणे.
प्रकाश: दिवे टांगणे, त्यांचे रोख ठरवणे, संहितेतल्या खुणांनुसार ते कमी-जास्त करणे.
संगीत: ध्वनिमुद्रित तुकडे नेमक्या शब्दावर सुरू करणे आणि थांबवणे.
प्रॉपर्टी आणि कपडेपट: मांडणी, तपासणी, मोजून परत भरणे.
प्रेक्षागृह: तिकिटे, आसने, उशिरा येणाऱ्यांना अंधारात जागा दाखवणे.
हिशेब: तिकिटांची रक्कम, भाडे, टेम्पो, चहा, त्याच रात्री वहीत नोंद.

---

विभागणी चुकली तर काय होते, हे 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्येच दिसते. त्या नाटकातली मंडळी स्वतः हौशी कलावंत आहेत. एका गावी कार्यक्रमासाठी आलेली, वेळ घालवण्यासाठी लुटुपुटूचा खटला रचणारी. त्यात बाळू रोकडे आहे. काशीकर दांपत्याच्या आश्रयाने राहिलेला हा पोरगा सामान वाहतो, हाका ऐकतो, वरून बोलणी खातो. कामे सगळी त्याची, मान कसलाच नाही. आणि गट शेवटी वळतो मंडळीतल्याच लीला बेणारेवर, कारण त्या खोलीत सर्वांत एकटी तीच आहे. ज्या गटात कोणाचा अधिकार कुठवर हे ठरलेले नसते, तिथे सत्ता नाहीशी होत नाही. ती मोठ्या आवाजाच्या माणसांकडे जाते. तेंडुलकरांनी हे हौशी नाटकमंडळीतच दाखवावे, यात त्या जगाची त्यांची जवळून असलेली ओळख आहे.

सामाईक जागेचे नियम

एक सभागृह आणि अनेक संस्था ही रचना गावच्या कुरणासारखी किंवा पाटाच्या पाण्यासारखी असते: वापर सगळ्यांचा, पण अमर्याद नाही. अशा सामाईक गोष्टींचा नाश अटळ असतो, असे पुष्कळ काळ मानले जात असे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधली कुरणे, स्पेन आणि फिलिपिन्समधले पाणीवाटप अभ्यासून १९९० मध्ये उलट दाखवून दिले. काही नियम पाळणारे समाज शतकानुशतके सामाईक साधने सांभाळतात. या कामासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि तो सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

त्यांनी नोंदवलेल्या नियमांतले चार नाट्यसंस्थेला थेट लागू पडतात. वापरणारे कोण, हे स्पष्ट असावे. नियम जागेला साजेसे असावेत आणि ते पाळणाऱ्यांचा ते ठरवण्यात हात असावा. देखरेख आपसातच कोणी करावी. आणि चुकणाऱ्याला पहिली शिक्षा हलकी असावी, पुढची वाढत जावी.

शाळेच्या सभागृहाला साजेसा पहिला नियम म्हणजे सकाळी तिथे पुन्हा शाळाच दिसली पाहिजे. असे सभागृह दिवसा विद्यार्थ्यांचे असते. रात्री नाटक संपल्यावर सेट उतरवणे, खुर्च्या रचणे, झाडून घेणे ही कामे दमलेल्या माणसांनाच करावी लागतात. एका संस्थेने कचरा ठेवला, तर शाळेकडे शब्द खाली पडतो सगळ्यांचा. त्यामुळे एकमेकांवरची देखरेख इथे आपोआप येते. हलक्या शिक्षेचेही तसेच आहे. स्वयंसेवकाला पहिल्या चुकीला काढून टाकले, की बाकीचेही धास्तावतात. काहीच बोलले नाही, तर नियम उरत नाही. बाजूला घेऊन सांगणे, मग तारीख उशिराची देणे, आणि अगदी शेवटी जागा नाकारणे, हा क्रम टिकतो.

ठरलेल्या जागेचा आणखी एक गुण कमी सांगितला जातो. दुसऱ्या संस्थेची तालीम चाललेली असताना माणसे आपल्या पाळीची वाट पाहत बसतात, आणि त्या बसण्यातून ओळखी होतात. एकाचा प्रकाशयोजनाकार दुसऱ्याला कळतो, नव्या संहितेची वार्ता फिरते. दादरसारख्या पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांवरच्या स्थानकाजवळ हे घडले, हाही योगायोग मोलाचा. डोंबिवलीचा नट आणि बोरिवलीची नटी शेवटची गाडी पकडून घरी पोहोचू शकत होती.

वही सांभाळणारा

आविष्कारच्या तिघांमध्ये कामाची नैसर्गिक वाटणी होती. अरविंद देशपांडे दिग्दर्शक आणि नट, सुलभा देशपांडे अभिनेत्री आणि शिक्षिका, अरुण काकडे संस्थेचा कारभार पाहणारे. १९८७ मध्ये अरविंद देशपांडे गेले. संस्था चालू राहिली आणि त्यांच्या स्मृतीला वाहिलेला नाट्यमहोत्सव दरवर्षी भरू लागला. संस्थापक गेल्यावर हौशी संस्था सहसा बंद पडते. ही पडली नाही, याचे मोठे श्रेय काकडे यांना. २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, ते आविष्कारशी जोडलेले राहिले आणि ओळखले गेले ते संस्था चालवणारा माणूस म्हणून.

भिशीची वही ज्याच्या हातात असते, त्याने स्वतःसाठी घाई करायची नसते. स्वयंसेवकांच्या नेत्यालाही हेच लागू आहे. तारखा, भाडे आणि माणसे ज्याच्या हाती, तोच प्रत्येक नाटकात प्रमुख भूमिकेत असेल, तर बाकीच्यांचा नंबर त्याच्या मर्जीवर राहतो. कारभार पाहणारा प्रकाशझोतासाठी धडपडत नसेल, तरच त्याचा 'नाही' हा शब्द लोक पचवतात.

अशा नेत्याचे रोजचे काम दिसायला साधे असते: कोण आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे, कोणाला घरून विरोध आहे हे ठाऊक असणे, तालीम सांगितलेल्या वेळी सुरू करणे आणि मुख्य म्हणजे सांगितलेल्या वेळी संपवणे, दिवसभर राबून आलेल्या माणसाला निष्कारण बसवून न ठेवणे. स्वयंसेवक संस्था सोडतो तो बहुधा कामाच्या ओझ्यामुळे नाही, तर आपला वेळ वाया गेला या भावनेने. जाहिरातीत आणि पत्रिकेत प्रत्येकाचे नाव बरोबर छापणे हेही याच कामात येते. जिथे मोबदला नाही तिथे नाव हीच कमाई असते, आणि ते चुकले तर ती बुडते.

पैसा मध्ये आला की

थोडेफार मानधन दिले तर माणसे जास्त टिकतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण याचा परिणाम उलटाही होतो. इस्रायलमधल्या हायफा शहरातील दहा पाळणाघरांवरचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत छोटा दंड लावला गेला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड रद्द केल्यावरही तो पूर्वीच्या पातळीवर आला नाही. आधी उशीर झाला की संकोच वाटे; दंडामुळे उशीर विकत घेण्याची सोय झाली.

नाट्यसंस्थेतही एखाद्या कामाला नाममात्र रक्कम लावली, की करणारा तिची तुलना बाजारभावाशी करू लागतो, आणि त्या तुलनेत ती नेहमीच अपमानास्पद ठरते. म्हणून खर्चाची भरपाई आणि मोबदला यांत रेघ ओढावी लागते. प्रवासखर्च, तालमीचा चहा, छबिलदास गल्लीतला वडा संस्थेने द्यावा, कारण स्वयंसेवकाच्या खिशाला खार लागू नये. टेम्पोवाला, दिव्यांचे भाडे, छपाई हे पोटाचे धंदे. त्यांना रोख पैसे वेळेवर मिळायला हवेत. हिशेबाची वही कोणालाही पाहता यावी. जिथे ती बंद असते तिथे लोक आपापली बेरीज करतात, आणि ती नेहमी खऱ्यापेक्षा मोठी येते.

नोकरीचा टेकू

या सगळ्याखाली एक गोष्ट गृहीत आहे: संध्याकाळ मोकळी असणे. बँका, विमा, रेल्वे, सरकारी कचेऱ्या आणि शाळा यांतल्या ठरल्या वेळेच्या, कायम नोकऱ्यांनी मुंबईची हौशी रंगभूमी पोसली. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते, सुलभाताई शाळेत. प्रायोगिक नाटकाचे न छापलेले प्रायोजक म्हणजे हे पगार.

परळ-लालबागमध्ये हाच टेकू गिरणीचा होता. सोशल सर्व्हिस लीगच्या परळमधल्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके होत; पाळी संपवून आलेले गिरणी कामगार तालीम करत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांची नोकरी कायमची गेली. पगाराबरोबर ठरलेली पाळी गेली, पाळीबरोबर तालमीची वेळ गेली, आणि माणसे गावाकडे किंवा दूरच्या उपनगरांत पांगली. हौस होती तशीच होती. तिला उभे राहायला जमीन उरली नाही. स्वयंसेवक कमी झाले की तरुणांच्या उत्साहाला दोष दिला जातो. त्याआधी त्यांच्या कामाचे तास आणि घर ते तालमीचे अंतर पाहणे न्याय्य ठरेल.

नवी माणसे

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदासमधले प्रयोग थांबले. आविष्कारने माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवले आणि १९९४ मध्ये महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' या तीन नाटकांचा चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित, सुमारे नऊ तासांचा प्रयोग उभा केला. बिनपगारी माणसांच्या संस्थेने एवढा पसारा पेलला, यामागे वीस वर्षांची सवय होती. सुलभाताईंनी मुलांसाठी चालवलेल्या 'चंद्रशाला'तून नवी पिढी येत होती. 'दुर्गा झाली गौरी' या नृत्यनाट्यात लहानपणी नाचलेली मुले पुढे मोठी होऊन रंगमंचावर आणि पडद्यावर दिसली.

गिरगावात १९७४ मध्येच सुरू झालेल्या चतुरंग प्रतिष्ठानने नाटक न करता नाटकवाल्यांना एकत्र आणण्याचे काम कार्यकर्त्यांच्या बळावर केले. त्यांच्या सवाई एकांकिका स्पर्धेत वर्षभरातल्या विजेत्या एकांकिका २५ जानेवारीच्या रात्री एकापाठोपाठ एक होतात आणि प्रजासत्ताकदिनाच्या पहाटे निकाल लागतो.

आज नवा स्वयंसेवक मुख्यतः येतो तो महाविद्यालयीन एकांकिकांतून. रुईया, रुपारेल, कीर्ती, परळचे एमडी अशा कॉलेजांत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सेट उचलण्यापासून सुरुवात करतो. इथली अडचण वेगळी आहे. तीन ते पाच वर्षांत गट पूर्ण बदलतो आणि मिळवलेले ज्ञान पदवीबरोबर बाहेर पडते. ज्या कॉलेजांत ही परंपरा टिकली, तिथे दोन सवयी दिसतात. माजी विद्यार्थी दिग्दर्शनाला किंवा तालीम पाहायला परत येतात, आणि दिवे किंवा प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याच्या हाताखाली त्याच नाटकात खालच्या वर्गातला एकजण ठेवला जातो, म्हणजे पुढच्या वर्षी ते काम कोणाकडे जायचे हे प्रयोग चालू असतानाच ठरलेले असते.